गॅलरी कधी होणार?

क्लबचं नवं स्टेडियम पुढच्या मोसमात पूर्ण होणार होतं. हे वाक्य जाहीर सभेत पहिल्यांदा बोललं गेलं तेव्हा कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याच्या डोक्यावर दाट केस होते. त्यानंतर किती मोसम आले आणि गेले हे मोजायचं लोकांनी सोडून दिलं. अगदीच अंदाज घ्यायचा झाला तर ते सलूनवाल्याच्या डोक्याकडे बघत, आणि सलूनवाला टोपी घाली.

जुनं मैदान मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी पाडलं गेलं. पाडापाडीच्या कामात दिरंगाई झाल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नाही. मग क्लबच्या मॅच कुठे व्हायच्या? तर नदीपलीकडच्या क्लबच्या मैदानावर, भाड्याने. नदीपलीकडचा क्लब म्हणजे यांचा जन्माचा वैरी. त्यांच्या गेटातून आत जाऊन, त्यांच्याच खुर्चीवर बसून आपल्या क्लबला टाळ्या वाजवायच्या, ही कल्पनाच पाठीराख्यांना सहन होईना. तेव्हा एका संध्याकाळी सगळ्यांनी शपथ घेतली की आपलं स्टेडियम होईपर्यंत मॅच बघणार नाही. क्लबवरच्या प्रेमापोटी क्लबचा खेळ न बघण्याची ही शपथ ज्यांच्या डोक्यातून निघाली, ते म्हणजे आपले अध्यक्ष.

अध्यक्ष म्हणजे स्टेडियम पूर्तता कृती समितीचे अध्यक्ष. पोटापाण्यासाठी ते एका विमा कचेरीत कारकून होते आणि लोकांचे दावे कोणत्या कारणाने नाकारता येतील हे बघण्याचं काम त्यांच्याकडे होतं. फुटबॉलशी त्यांचं नातं बघण्यापुरतंच. शाळेत असताना एकदा त्यांनी बॉलला लाथ मारली होती. तेव्हा बूट गोलात गेला आणि बॉल जागेवर राहिला. पण समितीचं अध्यक्षपद बुटावर नाही, आवाजावर मिळतं, आणि आवाज त्यांना देवाने भरपूर दिला होता.

शपथेनंतर एक नवीनच पद्धत पडली. मॅचच्या दिवशी सगळे गळ्यात क्लबचे मफलर घालून बांधकामाच्या कुंपणापाशी जमत. मोबाइलवर कॉमेंट्री लावत आणि पत्र्याच्या भोकांतून आत बघत. कानांना तिकडचा खेळ आणि डोळ्यांना इकडचं सिमेंट. नदीपलीकडे कॉर्नर मिळाला की इकडे लोक श्वास रोखून वाळूच्या ढिगाऱ्याकडे बघत राहत. एकदा तर आपला गोल आणि पश्चिमेकडच्या स्लॅबचं काँक्रीट एकाच वेळी पडलं, आणि त्या दिवशी जो जल्लोष झाला तो बघून कामगार घाबरून पळाले. पुढे दोन दिवस काम बंद होतं.

अध्यक्षांचं घर त्या कुंपणासमोरच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या गॅलरीतून ते रोज कामावर नजर ठेवत. "आज चार माणसं, त्यातली तीन बसलेली," असा अहवाल देत. बायको म्हणे, "अहो, बघताच आहात तर ते कपडे तेवढे काढा दोरीवरचे."

असेच एकदा कपडे काढत असताना, हातात उशीचा अभ्रा आणि तोंडात दोन चिमटे असताना, अध्यक्षांना मैदानावर माणसं पळताना दिसली. कामासाठी कामगार पळत नाहीत हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी चष्मा पुसला. ते क्लबचे खेळाडू होते. अध्यक्षांच्या तोंडातले चिमटे खाली पडले.

झालं होतं असं, की नदीपलीकडच्यांनी भाडेकरार संपवला होता. स्टेडियमच्या तीन बाजू उभ्या होत्या, पण उत्तरेकडची बाजू दोन कंत्राटदारांच्या भांडणात मोकळी पडली होती. चौथी बाजू झाल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला नाही, दाखल्याशिवाय प्रेक्षक नाहीत, आणि घरच्या मैदानावर खेळलं नाही तर स्पर्धेतून बाद. तेव्हा यापुढच्या मॅच इथेच, पण प्रेक्षकांविना होणार होत्या. उत्तरेची ती भली मोठी फट बरोबर अध्यक्षांच्या गॅलरीसमोर होती. वरच्या मजल्यावरून स्टेडियमचं छप्पर आड यायचं, खालच्या मजल्यावरून कुंपण. साऱ्या शहरात मैदान दिसणारी जागा एकच होती, आणि तिथे त्या क्षणी उशीचा अभ्रा वाळत होता.

पहिली मॅच अध्यक्षांनी एकट्याने, चोरून बघितली. ते खिडकीच्या पडद्यामागे उभे राहिले आणि गोल झाला तेव्हा तोंडात मफलर कोंबून ओरडले. आपल्या घरातून, आपल्या स्टेडियममधली मॅच बघितली तर शपथ मोडत नाही असा निर्णय त्यांनी समितीच्या वतीने स्वतःच दिला. पण आनंद पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी दाढी करून घेताना साबणासकट त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय पास दिला हो त्या डावीकडच्याने!"

सलूनवाल्याचा वस्तरा गालावरच थांबला. "तुम्ही बघितलात?"

गालावर वस्तरा असताना माणूस खोटं बोलत नाही. पुढच्या मॅचला सलूनवाला आला. येताना तो दोघांना घेऊन आला, कारण ते दोघं दुकानात बसले होते आणि त्यांनी ऐकलं होतं. मग अध्यक्षांचे साडू आले. त्यांना फुटबॉलचं काही नव्हतं, पण चार माणसं जमून कुठे काही चाललं आहे आणि आपण तिथे नाही, हे त्यांना सहन होत नसे. साडू येताना स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले आणि जाताना ती ठेवून गेले. "राहू दे इथेच, साडूभाऊ. पुढच्या वेळी ओझं नको," असं म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर खडूने स्वतःचं नाव लिहिलं. तिसऱ्या मॅचला गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. चौथ्या मॅचला बैठकीच्या खोलीतलं कपाट शेजाऱ्यांकडे गेलं. ते तिथे बरं दिसतं असं शेजारीणबाईंचं मत पडल्याने आजतागायत परत आलेलं नाही.

या गॅलरीत एक मोठी खोट होती. तिथून मैदान दिसे, पण उजवीकडचंच. डावीकडचा गोल क्रेनच्या केबिनमागे दडलेला. आपला कप्तान सवयीने पहिल्या अर्धात उजवीकडे हल्ला करायचा. म्हणजे पहिल्या अर्धात आपण केलेले गोल दिसत, आणि दुसऱ्या अर्धात आपल्यावर झालेले. त्यामुळे आशावादी मंडळी मध्यंतराला उठून घरी जाऊ लागली, आणि मागे उरणाऱ्यांचे चेहरे बघवत नसत.

या अडचणीवर उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. एका मॅचला बॉल डावीकडे गेला आणि गॅलरीतले सगळे हवालदिल होऊन माना लांब करू लागले, तेवढ्यात आतून चहाच्या पातेल्याजवळून अध्यक्षांच्या बायकोचा आवाज आला, "तो हिरव्या सदऱ्यावाला आडवा पडलाय आणि सगळे त्याच्यावर ओरडतायत."

"वहिनी," सलूनवाला कापऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्हाला तिकडचा गोल दिसतो?"

"ओट्यावरच्या खिडकीतून रोज दिसतो. मला वाटलं तुम्हालाही दिसत असेल."

त्या दिवसापासून डाव्या बाजूचा सगळा कारभार तिच्याकडे गेला. सुरुवातीला ती आपली दिसेल ते सांगे: "मारला," "गेला बाहेर," "तो टकल्या पुन्हा ओरडतोय." टकल्या हे आपल्या प्रशिक्षकाचं नाव आहे असं तिला बरेच दिवस वाटत होतं, आणि सलूनवाल्याला ते आपलं वाटत होतं. हळूहळू तिच्या बोलण्याला धार येऊ लागली. एकदा चहा गाळता गाळता ती म्हणाली, "ऑफसाइड होता. आणि मागचा तो जाडा वेळेवर पुढे येत नाही, म्हणून दर वेळी घोळ होतो." अध्यक्षांनी मागे वळून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्याला जे आजवर उमगलं नव्हतं ते हिला पातेल्याआडून दिसलं, हे त्यांना मुळीच आवडलं नाही. ते म्हणाले, "तसं सरसकट नाही सांगता येत." मग जाड्याच्या पायाखालून बॉल गेला आणि विषय मिटला.

आता खालच्या ओव्हरसियरकाकांकडे वळायला हवं, कारण संकट त्यांच्या छतातून आलं. काका निवृत्त ओव्हरसियर. त्यांना फुटबॉलचा तिटकारा होता, पण गोल झाल्याचं सगळ्यात आधी त्यांनाच कळे. वर उडी पडली की खाली गिलाव्याचा पापुद्रा पडे. ज्या दिवशी आपण एका मॅचमध्ये चार गोल केले त्या दिवशी चौथा पापुद्रा काकांच्या चहात पडला. तीन पापुद्रे सहन करणारा माणूस चहातला पापुद्रा सहन करत नाही. काकांनी नगरपालिकेत तक्रार केली.

तपासनीस आले ते नेमके मॅच चालू असताना. त्यांनी गॅलरी बघितली, खुर्च्या बघितल्या, साडूंचं नाव वाचलं. स्वयंपाकघरातून "कॉर्नर आपला!" अशी हाक आली तीही त्यांनी ऐकली. "ही खासगी प्रेक्षकसज्जा आहे," ते शांतपणे म्हणाले. "विनापरवाना. दोन मार्ग आहेत. एक तर आजपासून हे बंद करा. नाहीतर रीतसर परवानगी घ्या, नियमाप्रमाणे काम पूर्ण करा आणि पूर्णत्वाचा दाखला मिळवा."

शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते, आणि अध्यक्षही एरवी शहाणेच होते. पण गॅलरीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या, आणि मफलर घातलेला माणूस मफलर न घातलेल्या माणसासारखा विचार करत नाही. त्यांनी छाती पुढे काढली. "आम्ही रीतसरच करू, साहेब. समोरच्यांसारखं भिजत घोंगडं नाही ठेवणार. एका महिन्यात पूर्ण करून दाखवतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली काकांच्या घरात आणखी एक पापुद्रा पडला. तपासनिसांनी अर्जाचा कागद पुढे केला आणि अध्यक्षांनी भाषणाच्या भरात सही केली. विमा कचेरीत आयुष्य काढलेला, लोकांना बारीक अक्षरं दाखवून घरी पाठवणारा हा माणूस स्वतःच्या सहीवरची बारीक अक्षरं वाचायला विसरला. अर्ज एकदा केला की मागे घेता येत नाही, आणि तीन महिन्यांच्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर सबंध घर अपूर्ण बांधकाम समजून त्याला सील लागतं, असं त्या अक्षरांत होतं. त्यांना ते कळलं दुसऱ्या दिवशी. कळवलं बायकोने, चष्मा न लावता.

"अहो, अर्ज मागे घेण्याचा काही मार्ग असेल की," ती म्हणाली. मार्ग होता. त्याच्यासाठी पूर्णत्वाचा दाखला जोडावा लागत होता.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. साडू म्हणाले, खुर्च्यांना नंबर घाला आणि पहिला नंबर मला द्या, म्हणजे निम्मं काम झालं. सलूनवाला म्हणाला, नियमात आणीबाणीचा जिना लिहिलाय तर माझ्या दुकानातली शिडी घ्या. खुद्द ओव्हरसियरकाका वर आले आणि, तक्रार त्यांनीच केलेली असूनही, खालून लोखंडी टेकू कसे लावायचे यावर तासभर व्याख्यान देऊन गेले. "आमच्या वेळी असलं काम आठ दिवसांत व्हायचं," हे वाक्य त्यांनी जाता जाता टाकलं. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी प्रसाधनगृहं हवीत या अटीवर तोड अशी निघाली की एका घराचं ते एकमेव दार मध्यंतराच्या आधी पुरुषांचं आणि नंतर स्त्रियांचं समजायचं. तपासनिसांनी हे मान्य केलं, पण तशी पाटी फिरती हवी असं सुचवलं.

मिस्त्री आला. त्याने गॅलरीचा कठडा काढला, फरशी उखडली, काकांच्या गॅलरीतून वर टेकू उभे केले आणि हे सगळं इतक्या झपाट्याने केलं की अध्यक्षांनी समोरच्या स्टेडियमकडे बघून तुच्छतेने नाक मुरडलं. फोडायचं होतं तेवढं फोडून झाल्यावर मिस्त्री जेवायला गेला, तो आला नाही. फोन केला तर म्हणे, "उद्या येतो." उद्या म्हणे, "परवा." तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर मिस्त्री समोर. कंत्राटदारांचं भांडण मिटलं होतं, उत्तरेच्या भिंतीचं काम जोरात सुरू झालं होतं आणि मिस्त्री तिथे विटा लावत होता. अध्यक्षांनी खिडकीतून आरोळी ठोकली. मिस्त्रीने थापीचा हात वर करून ओळख दाखवली. अध्यक्षांनी इतकी वर्षं मागणी करून जे काम झालं नव्हतं, ते शेवटी त्यांच्याच मिस्त्रीने हाती घेतलं होतं, आणि तक्रार करायला त्यांना तोंड राहिलं नव्हतं.

इकडे पाठीराख्यांची पंचाईत झाली. गॅलरीला फरशी नाही, कठडा नाही, आत जायच्या दाराला फळी ठोकलेली. एक मॅच गेली, दुसरी गेली. इतकी वर्षं काहीही न बघता गुण्यागोविंदाने राहिलेली माणसं, अर्धं मैदान चार-सहा वेळा बघायला मिळाल्यावर एकदम हक्काची भाषा बोलू लागली. सलूनमध्ये अध्यक्ष शिरले की बोलणी थांबत. कोणी विचारी, "मग? कुठपर्यंत आलं?" अध्यक्ष म्हणत, "बरंच झालंय. आता फिनिशिंग तेवढं."

आणि मग एका रविवारी खाली रस्त्यावर गलका ऐकू आला. अध्यक्षांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खाली मोर्चा होता. त्यांच्याच समितीचा, त्यांच्याच मफलरांचा. पुढे साडू, आणि साडूंच्या हातात समितीचाच जुना फलक. त्यावरच्या 'स्टेडियम' या शब्दावर कागद चिकटवून 'गॅलरी' असं लिहिलं होतं. बाकीचं वाक्य बदलायची गरज पडली नव्हती.

"गॅलरी कधी होणार?" सलूनवाला ओरडला.

"झालीच पाहिजे!" बाकीचे ओरडले. घोषणा अध्यक्षांनीच बसवलेली होती, त्यामुळे चालीत कुठे चूक नव्हती.

"मित्रहो," अध्यक्ष खिडकीतून म्हणाले, "काही तांत्रिक अडचणी आहेत. मनुष्यबळाची कमतरता आहे. पण मी शब्द देतो, पुढच्या महिन्यात—"

अगदी याच शब्दांवर त्यांनी स्वतः कुंपणापाशी उभं राहून कितीदा शिट्ट्या मारल्या होत्या. आता खालून शिट्ट्या आल्या. अध्यक्ष डोकं आत घेऊन स्टुलावर बसले. अपमान काय असतो हे त्यांना कचेरीत साहेबांनी अनेकदा शिकवलं होतं, पण साडूंच्या हातून, तेही आपल्याच फलकाने, हा प्रकार नवा होता. बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि खिडकी लावून घेतली. "मला आता त्या कंत्राटदाराची दया येते गं," ते पुटपुटले.

"येऊ द्या," ती म्हणाली. "पण ते त्याला सांगू नका."

उत्तरेची भिंत मात्र वाढत होती. आधी खेळाडूंचे बूट दिसेनासे झाले. मग गुडघे. मग कमरेपर्यंतची माणसं इकडून तिकडे सरकताना दिसू लागली. एक मॅच अशी झाली की त्यात फक्त हेडर दिसले. अध्यक्षांची बायको ओट्याजवळच्या स्टुलावर चढून शेवटपर्यंत बघत राहिली, आणि ज्या दिवशी खिडकीतूनही काही दिसेना त्या दिवशी ती रात्री जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

भिंत झाली, मिस्त्री मोकळा झाला, आणि त्याने अध्यक्षांची गॅलरीही आठवडाभरात पुरी करून टाकली: टेकू, उंच कठडा, नवी फरशी, फिरती पाटी. आता तिथून विटांची एक सुंदर, सरळ, उंच भिंत दिसत होती.

याच सुमारास स्टेडियम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पहिली मॅच, प्रेक्षकांसह, नदीपलीकडच्या क्लबशी! शहर वेडं झालं. तिकिटं हातोहात गेली. पण क्लबने जाण ठेवली. समितीच्या अध्यक्षांना सबंध मोसमाचे दोन पास घरपोच आले, अगदी पुढच्या रांगेतले. अध्यक्षांनी ते आरशाच्या चौकटीत खोवले आणि येता-जाता त्यांच्याकडे बघत राहिले. भिंत, मोर्चा, साडू, सगळं त्यांनी माफ करून टाकलं. आयुष्यात त्यांना कुठल्याच गोष्टीची इतकी वाट बघावी लागली नव्हती, आणि ती गोष्ट आता आरशात अडकवलेली होती. फक्त रविवार उजाडायचा बाकी होता.

आणि घराला सील लागायची मुदत सोमवारी संपत होती.

अध्यक्ष नगरपालिकेत धावले. तपासनीस म्हणाले, या आठवड्यात मोकळा वेळ नाही. अध्यक्ष पुन्हा गेले, आर्जवं केली, तेव्हा साहेब "बघतो" म्हणत संध्याकाळी घरी नुसते डोकावले. गॅलरीकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं आरशाकडे.

"भांग नीट आहे ना?" असं म्हणत ते बराच वेळ चौकटीतले पास न्याहाळत राहिले. "रविवारी यायला जमलं असतं मला. पण रविवारी ती मॅच. आणि आमच्यासारख्यांना कुठली तिकिटं मिळायला!"

स्टेडियमच्या कामात कोणी कोणाला काय दिलं यावर अध्यक्षांनी आजवर जी भाषणं केली होती ती एकत्र छापली असती तर जाडजूड पुस्तक झालं असतं. ते सगळं पुस्तक त्यांच्या डोळ्यांपुढून झरझर गेलं. मग घराच्या दारावर लाखेचं सील दिसलं. त्यांनी हात वर केला आणि चौकटीतला एक पास काढला. "साहेब, तुम्ही या. मॅचच्या आधी येऊन तपासणी करा, म्हणजे झालं."

"आधी किंवा नंतर," पास खिशात घालत साहेब म्हणाले. "तुम्ही मात्र घरी थांबा. दार बंद दिसलं तर मला नाइलाजाने तसा शेरा मारावा लागेल."

रविवारी बायको म्हणाली, "तुमच्याशिवाय मी जाणार नाही." अध्यक्ष म्हणाले, "वेडी आहेस का, पास फुकट जाईल." तिने आणखी एकदाच नको म्हटलं, आणि ते म्हणतानाच मफलर गुंडाळायला घेतला. इमारत रिकामी झाली. साडू गेले, सलूनवाला गेला, शेजारी गेले, ज्यांच्या चहात पापुद्रा पडला ते ओव्हरसियरकाकासुद्धा गेले, नवं छत बघायला म्हणून. तपासनीस मॅचच्या आधी आले नाहीत.

अध्यक्ष नव्या गॅलरीत साडूंच्या खुर्चीवर बसून राहिले. समोर भिंत. भिंतीपलीकडे गर्दीचा आवाज भरतीच्या पाण्यासारखा वर-खाली होत होता. एकदा प्रचंड आरोळी उठली. त्यांनी उडी मारली, आणि हवेत असतानाच त्यांच्या लक्षात आलं की आरोळी कोणाची हे आपल्याला ठाऊक नाही. गोल आपला की त्यांचा? डावीकडे की उजवीकडे? त्यांनी सवयीने मागे वळून हाक मारली, "अगं, काय झालं?" स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. अध्यक्ष खाली बसले. त्यांना रडू येत होतं, आणि बघायला कोणी नसल्यामुळे ते थोडंसं रडलेही.

बऱ्याच वेळाने जिन्यात पावलं वाजली. बायको आणि तपासनीस बरोबरच वर येत होते. पुढच्या रांगेत दोघांच्या जागा शेजारी शेजारी होत्या, आणि दोघांचे घसे पार बसले होते.

"नाही, साहेब, तो जाडा आज वेळेवर पुढे आला म्हणून वाचलो आपण," बायको खरखरत्या आवाजात सांगत होती.

"कबूल, वहिनी. कबूल," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. नेहमीचा कोरडा चेहरा लाल झाला होता आणि गळ्यात नवा कोरा मफलर होता. "जिंकलो, अध्यक्ष! काय गोल झाला! तुम्ही हवे होतात." हे वाक्य ते अगदी मनापासून बोलले.

मग त्यांनी तपासणी केली, आणि खुशीत असूनही कसून केली. टेकू ठोकून बघितले, कठडा मोजला, शिडी चढून बघितली, पाटी फिरवून बघितली. सगळं चोख निघालं. अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. शेवटी साहेब प्रेक्षक म्हणून साडूंच्या खुर्चीवर बसले, समोर बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"अध्यक्ष, इथून मैदान दिसत नाही."

"साहेब, मध्ये भिंत आहे. स्टेडियमची."

"ती मला दिसते. पण प्रेक्षकसज्जा म्हणजे जिथून खेळ दिसतो ती जागा. नियमात व्याख्याच तशी आहे. जिथून काहीच दिसत नाही ती प्रेक्षकसज्जा पूर्ण झाली असं मी कसं लिहू? माझी नोकरी जाईल." त्यांनी क्षणभर खरोखरच वाईट वाटून मान हलवली. "असं करू. सील लागू देत नाही, मुदत वाढवून देतो. तुम्ही दर रविवारी घरी राहा, मी सवडीने पुन्हा तपासणीला येईन. इकडे यायचंच आहे तर तो पास माझ्याकडेच असलेला बरा."

साहेब गेले. जिन्यात ते कोणाशी तरी जाड्याबद्दल बोलत असल्याचं ऐकू आलं.

बायकोने मफलर काढला, त्याची नीट घडी केली, परत उलगडला. मग ती अध्यक्षांजवळ येऊन बसली. "अहो," ती बसलेल्या आवाजात म्हणाली, "पुढच्या रविवारी माझ्या पासवर तुम्ही जा. मी थांबते घरी. इतकी वर्षं वाट बघितलीत. मला काय, मी कुठेही बसेन."

एवढ्या सगळ्या नामुष्कीत कोणीतरी आपल्या बाजूचं आहे, या विचाराने अध्यक्षांना एकदम बरं वाटलं. ते काही बोलणार इतक्यात तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली. ती मनातल्या मनात कसला तरी हिशेब करत होती.

"पुढच्या रविवारी नको," ती म्हणाली. "पुढची मॅच फार अवघड आहे हो. मी नसले तर त्या जाड्याला ओरडणार कोण? तुम्ही नंतर एखाद्या सोप्या मॅचला जा."

अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. त्यांनी हळूच मान डोलावली आणि तिच्या घशासाठी पाणी गरम करायला ते स्वयंपाकघरात गेले.